चौदा, चौदा, एकशे नव्वद

रात्रभर उभी राहू दे, म्हटलं होतं मी,
निवू दे पुरती.
आता मार्गशीर्षातली पहाट, जालना, अंबड चौफुली,
टपावर दव,
रोलिंग मिलचा धूर थंडीनं खालीच बसलेला.
बारा तास गप्प असलेल्या चौदाचाकीला
मी फक्त चावी दिली. इंजिन नाही.

स्कॅनर उजळला.
धुराच्या वाटेवर तीन चौक्या.
टर्बोपाठची म्हणाली, चौदा.
फिल्टरच्या तोंडाशी बसलेली म्हणाली, चौदा.
फिल्टरच्या पलीकडची म्हणाली,
एकशे नव्वद.

मी खाली शिरून त्या डब्यावर हात ठेवला.
बोटं बधिर झाली गारठ्यानं.

गोवर्धन खांडेभराड कानटोपीतून बघत होता.
मांजरसुंब्याच्या घाटात बसली होती त्याची गाडी,
मागं सळईचे पंचवीस टन,
समोर दिवा पिवळा, मग लाल,
पाय तळाला टेकला तरी चाल बैलगाडीची.
मालक म्हणाला, डिझेलात रॉकेल.
मालक म्हणाला, ढाब्यावर विकलं असशील, आणि भत्ता अडकवला.
बीडला सेन्सर बदलला, साडेसहा हजार.
नवाही तेच बोलला.
मग काय, ठरलंच.
"म्या एक लिटर इकलं न्हाई, ताई," तो म्हणाला,
मी विचारलं नव्हतं.

उस्ताद मुनीरभाई चाळीस वर्षं
सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून दुखणं सांगत आले.
हल्ली डाव्या कानानं ऐकू येत नाही त्यांना.
"पैले गाडी खुद बोलती थी, बेटा,
अब उसकी तरफ से ये डब्बा बोलता."
तरी बॅटरी त्यांनीच धरली, न हलवता.

प्लग सोडला. मीटरच्या दोन सुया सेन्सरच्या दोन पायांना.
दोनशे दहा ओहम.
चौदा अंशाला असावेत तेवढेच.
गोवर्धननं खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली,
बीडला काढलेला जुना सेन्सर,
महिनाभर जपलेला, कशासाठी ते त्यालाही नक्की माहीत नसावं.
तोही दोनशे दहा.

म्हणजे खोटं बोलणारा यांच्यात नव्हताच.
निरोप खरा निघत होता
आणि वाटेत कुणीतरी त्यात भर घालत होतं.
मी वायर धरून मागं मागं गेले.
प्लगची दुसरी बाजू, रबर फाटलेलं,
आत एक पिन हिरवी,
चिंच न लागलेल्या देवघरातल्या ताम्हणासारखी.
त्या हिरव्याचे एकशे चौतीस ओहम.
कॉम्प्युटर तेवढेच जास्त मोजायचा, आणि त्याला वाटायचं,
आग.
आग आहे म्हणून काजळी जाळू द्यायचा नाही,
काजळी साठली म्हणून पळू द्यायचा नाही.

"इथं पाणी कसं गेलं?"
गोवर्धन बराच वेळ चहाच्या कपात बघत राहिला.
"खंडेनवमीला मालकानं सोता धुतली.
प्रेशरच्या पायपानं, खालून.
पूजेला चकाचक पायजे म्हणले."

मुनीरभाईंना ते ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.

नवी पिन, नवं रबर, वायरीला वेगळी वाट.
तोवर ऊन टपावर आलेलं.
चावी दिली:
सोळा.
सोळा.
सोळा.

मग चाळीस मिनिटं उभ्या गाडीत काजळी जाळली,
तिसरी चौकी चारशे म्हणाली, साडेपाचशे म्हणाली,
आणि या वेळी खरंच कुणी जवळ जाऊ शकत नव्हतं.
गोवर्धन दहा फुटांवर उकिडवा बसून हात शेकत होता.

मालकाचा फोन आला. बिलावर काय लिहिताय?
लिहिलं: सेन्सर चांगला होता. प्लगमध्ये पाणी. डिझेलचा दोष नाही.
पाणी कुणी घातलं, असा रकाना आमच्या बिलात नाही.
पेन थोडं थांबलं.
मग खाली, शेऱ्यात: शेवटची धुलाई, खंडेनवमी.

गोवर्धननं कार्बन कॉपी मागून घेतली,
जुन्या सेन्सरभोवती गुंडाळली,
आतल्या खिशात ठेवली.
भत्त्याचं मालक अजून काही बोललेला नाही.